रासायनिक पदार्थाचा द्रवणांक आणि सुरक्षा मूल्यमापन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायने बनवणारे आणि निर्यात करणारे कारखाने, चाचणी प्रयोगशाळांत नव्याने रुजू झालेले विश्लेषक आणि कारखान्यांतील सुरक्षा अधिकारी यांच्याकडून सातत्याने येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत आणि पुढे पुढे ते अवघड होत जातात. एका उत्तरातील मुद्दा दुसरीकडे लागत असेल, तर तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. द्रवणांक म्हणजे नेमके काय, आणि सुरक्षा मूल्यमापनात तो सर्वांत आधी का विचारला जातो?

वातावरणीय दाबाखाली एखाद्या पदार्थाची घन आणि द्रव अवस्था ज्या तापमानाला परस्परांशी समतोलात असतात, ते तापमान म्हणजे त्या पदार्थाचा द्रवणांक होय. शुद्ध पदार्थाच्या बाबतीत द्रवणांक आणि गोठणबिंदू तत्त्वतः एकच असतात. प्रत्यक्ष मोजमापात ते वेगळे का दिसतात, हे प्रश्न १४ मध्ये सांगितले आहे.

हा आकडा सर्वांत आधी लागतो, कारण पुढच्या चाचण्यांचा रस्ता त्यावरून ठरतो. रसायनांच्या वर्गीकरणाच्या जागतिक सुसंगत प्रणालीनुसार, म्हणजे जीएचएसनुसार, ज्या पदार्थाचा द्रवणांक किंवा वितळण्याच्या सुरुवातीचे तापमान १०१.३ किलोपास्कल दाबाला २० °से. किंवा त्याहून कमी असते, ज्याचा बाष्पदाब ५० °से.ला ३०० किलोपास्कलपेक्षा जास्त नसतो आणि जो २० °से.ला पूर्णपणे वायुरूप नसतो, तो द्रव मानला जातो. पदार्थ द्रव ठरला, की ज्वलनांक (ज्या किमान तापमानाला त्याचे बाष्प ठिणगीने पेट घेऊ शकते ते) मोजावा लागतो आणि तो ज्वालाग्राही द्रव आहे का, हे तपासावे लागते. घन ठरला, तर कणांचा आकार, धुळीचा स्फोट होण्याची शक्यता आणि ज्वालाग्राही घनाची चाचणी यांकडे वळावे लागते. श्वासावाटे शरीरात काय जाईल, बाष्प की धूळ, याचा अंदाजही येथूनच बांधायला सुरुवात होते.

पाण्यातील विद्राव्यतेशीही द्रवणांकाचा थेट संबंध आहे. स्फटिक जितका घट्ट बांधलेला, तितकी त्यातून रेणू सुटून पाण्यात जाण्यासाठी ऊर्जा अधिक लागते. म्हणूनच विद्राव्यतेचा अंदाज करण्याच्या एका प्रचलित सूत्रात, २५ °से.च्या वरील द्रवणांकाच्या दर १०० अंशांमागे विद्राव्यता दहापटीने कमी धरली जाते.

२. द्रवणांक सारखा असेल, तर पदार्थ तोच आहे किंवा धोका तेवढाच आहे, असे मानता येईल का?

अजिबात नाही, आणि येथे गैरसमजाला जागा ठेवणे योग्य होणार नाही. कपाटात ठेवायच्या गोळ्यांसाठी पूर्वापार वापरले जाणारे नॅफ्थॅलिन ८०.२ °से.च्या आसपास वितळते आणि ट्रायनायट्रोटोल्युइन, म्हणजे टीएनटी हे स्फोटक, ८० ते ८१ °से.च्या दरम्यान वितळते. बेन्झॉइक आम्ल आणि पिक्रिक आम्ल यांचे द्रवणांकही १२२ °से.च्या जवळपास येतात. त्यांपैकी पहिले खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी वापरले जाते, तर दुसरे स्फोटक आहे. द्रवणांक हा स्फटिकातील रेणूंच्या बांधणीचा गुण आहे. रेणूच्या आत किती ऊर्जा साठलेली आहे, याबद्दल तो काहीही सांगत नाही.

३. हा आकडा द्यावा, असे कोणता नियम सांगतो?

युरोपीय संघात रसायनांच्या नोंदणी आणि मूल्यमापनाविषयीच्या २००६ सालच्या रीच नियमावलीच्या सातव्या परिशिष्टानुसार, वर्षाला १ टन किंवा त्याहून अधिक प्रमाणात बनवल्या किंवा आयात केल्या जाणाऱ्या पदार्थाच्या नोंदणीत द्रवणांक किंवा गोठणबिंदू द्यावा लागतो. तारापूर, महाड, लोटे परशुराम, पाताळगंगा किंवा कुरकुंभ येथील जे उत्पादक युरोपला माल पाठवतात, त्यांच्याकडे ही मागणी युरोपातील आयातदारामार्फत किंवा त्यांनी नेमलेल्या एकमेव प्रतिनिधीमार्फत येते. भारतात घातक रसायनांच्या निर्मिती, साठवण आणि आयात यांबाबतच्या १९८९ च्या नियमांतील नवव्या अनुसूचीत सुरक्षा माहितीपत्रकाचा नमुना दिलेला आहे. जीएचएसच्या सोळा भागांच्या माहितीपत्रकात ही नोंद नवव्या भागात येते.

४. मान्यताप्राप्त पद्धती कोणत्या? आमच्याकडे केवळ थील नळी (केशनलिका द्रवात तापवण्याची काचेची नळी) आहे, ती चालेल का?

चालेल, मात्र पदार्थ त्या पद्धतीला साजेसा असला पाहिजे. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेची, म्हणजे ओईसीडीची, १०२ क्रमांकाची मार्गदर्शक पद्धत १९९५ सालची असून युरोपीय संघातील ए.१ ही पद्धत तिच्याशी मिळतीजुळती आहे. त्यांत पुढील पद्धती दिल्या आहेत: द्रव माध्यमात किंवा धातूच्या ठोकळ्यात ठेवलेली केशनलिका, प्रकाशकिरणाने वितळणे टिपणारे उपकरण, कोफ्लरची तापलेली पट्टी, तापणाऱ्या मंचाचे सूक्ष्मदर्शक, उष्मीय विश्लेषणाच्या डीटीए आणि डीएससी या पद्धती (तापवताना नमुन्यातील तापमानाचा फरक किंवा उष्णतेची देवघेव नोंदणाऱ्या), गोठणबिंदूचे मापन, आणि पेट्रोलियम तेलांसाठी ओघळबिंदू, म्हणजे थंड होताना तेल ज्या तापमानापर्यंत वाहू शकते ते.

अचूकतेच्या बाबतीत साधी थील नळी मागे नाही. द्रव माध्यमातील केशनलिकेची अपेक्षित अचूकता ±०.३ अंश आहे, धातूच्या ठोकळ्याची ±०.५ आणि कोफ्लर पट्टीची ±१. महागडे उपकरण नाही म्हणून जुनी पद्धत कमी प्रतीची समजण्याचे कारण नाही.

द्रव माध्यमाची निवड मात्र जपून करावी. लिक्विड पॅराफिन २०० °से.पर्यंतच वापरावे आणि त्याहून वर सिलिकॉन तेल घ्यावे. जुन्या पुस्तकांत सल्फ्युरिक आम्लाचे माध्यम सांगितलेले असते आणि अतिउच्च तापमानासाठी मार्गदर्शक पद्धतीतही त्याचे पोटॅशियम सल्फेटबरोबरचे मिश्रण नमूद आहे; पण धातूच्या ठोकळ्याचे उपकरण उपलब्ध असताना तापलेले सल्फ्युरिक आम्ल भरलेली काचेची नळी डोळ्यांसमोर धरण्याचे आता काहीही प्रयोजन राहिलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

५. केशनलिका कशी भरावी आणि तापमान किती वेगाने वाढवावे?

नमुना आधी डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषून घेणाऱ्या बंद भांड्यात) कोरडा करावा आणि खलात बारीक करावा. खलण्याने स्फोट होऊ शकेल असा पदार्थ असेल, तर मात्र येथेच थांबून आधी प्रश्न ११ वाचावा. नलिका एका टोकाला बंद, साधारण ८ ते १० सेंटिमीटर लांबीची आणि सुमारे १ मिलिमीटर आतील व्यासाची असते. तिच्यात पदार्थाचा सुमारे ३ मिलिमीटर उंचीचा थर भरावा. थर सारखा आणि घट्ट बसावा म्हणून ७० सेंटिमीटर लांबीच्या काचेच्या उभ्या नळीतून केशनलिका खाली काचेच्या वाटीवर काही वेळा सोडतात. ही कृती साधी दिसते, परंतु थर सैल राहिला तर उष्णता पदार्थात उशिरा पोहोचते आणि आकडा चुकतो.

अपेक्षित द्रवणांकाच्या सुमारे १० अंश खालपर्यंत मिनिटाला ३ अंश या वेगाने तापवले तरी चालते. तेथून पुढे वेग मिनिटाला १ अंशावर आणलाच पाहिजे. अपेक्षित आकडाच माहीत नसेल, तर आधी एक नमुना वेगाने तापवून ढोबळ अंदाज घ्यावा आणि नंतर नवा नमुना भरून खरे मापन करावे. एकदा वितळून गोठलेला नमुना पुन्हा वापरू नये. त्याचे कारण प्रश्न १३ मध्ये आले आहे.

६. पदार्थ वितळायला लागल्यापासून पूर्ण वितळेपर्यंत तीन-चार अंश जातात. मग लिहायचे कोणते तापमान?

केशनलिकेत नीट पाहिले, तर वितळण्याचे टप्पे दिसतात. प्रथम नलिकेच्या आतील भिंतीवर बारीक थेंब चिकटलेले दिसतात. मग पदार्थ आकसून भिंतीपासून सुटतो, त्यानंतर आकसलेला स्तंभ खाली कोसळू लागतो, पुढे वर द्रवाचा पूर्ण वक्र पृष्ठभाग तयार होतो पण आत घन शिल्लक असतो, आणि शेवटी घनाचा एकही कण उरत नाही. अहवालात वितळण्याची सुरुवात आणि शेवट ही दोन्ही तापमाने लिहावीत. दोन तापमानांची सरासरी काढून एकच आकडा देण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते आणि ती सोडली पाहिजे, कारण पदार्थ घन की द्रव हे ठरवताना सुरुवातीचे तापमान विचारात घेतले जाते, हे प्रश्न १ मध्ये पाहिलेच आहे. शिवाय फरक मोठा असणे हीच एक माहिती असते: पदार्थ अशुद्ध आहे, ओला आहे, मिश्रण आहे, किंवा वितळता वितळता त्याचे विघटन होत आहे.

काचेचा द्रवयुक्त थर्मामीटर वापरत असाल, तर माध्यमाच्या बाहेर राहिलेल्या दांड्याची दुरुस्ती विसरू नये. वाचलेल्या तापमानात ०.०००१६ × (वाचलेले तापमान − बाहेरील दांड्याचे सरासरी तापमान) × बाहेर राहिलेल्या अंशांची संख्या, एवढी भर घालावी लागते. थर्मामीटरवर २००° दिसत असेल, दांड्याचे तापमान ४०° असेल आणि १५० अंशांचा भाग बाहेर असेल, तर ही भर ३.८ अंशांची होते. पद्धतीची अचूकता ०.३ अंशाची असताना केवळ ही एक दुरुस्ती विसरल्याने बाराहून अधिक पट मोठी चूक पदरात पडते.

७. उपकरण बरोबर दाखवते आहे, हे कसे तपासावे?

ज्यांचे द्रवणांक निश्चित ठाऊक आहेत, असे प्रमाणित शुद्धतेचे पदार्थ वापरावेत: नॅफ्थॅलिन सुमारे ८०.२ °से., बेन्झॉइक आम्ल सुमारे १२२.४ °से., कॅफीन सुमारे २३६ °से. डीएससीसाठी धातू सोयीचे पडतात. इंडियम १५६.६ °से.ला, कथील २३१.९ °से.ला आणि जस्त ४१९.५ °से.ला वितळते. तुमच्या नमुन्याचा अपेक्षित द्रवणांक ज्या दोन प्रमाण पदार्थांच्या मध्ये येतो, ते दोन्ही तपासावेत. केवळ १२० अंशांजवळ तपासलेले उपकरण २५० अंशांनाही बरोबर असेल, असे गृहीत धरू नये.

८. केशनलिकेने एक आकडा येतो आणि डीएससीने दुसरा. खरा कोणता?

बहुतेक वेळा दोन्ही खरे असतात, कारण ते वेगळ्या गोष्टी मोजतात. केशनलिकेत डोळ्यांना दिसणारी अवस्था टिपली जाते. डीएससीमध्ये काही मिलिग्रॅम नमुना ठरावीक वेगाने तापवून तो किती उष्णता शोषतो हे नोंदले जाते. आलेखावर खोलगट भाग दिसतो आणि त्याच्या उताराची स्पर्शरेषा जेथे मूळ रेषेला छेदते, ते आरंभाचे तापमान शुद्ध पदार्थाचा द्रवणांक म्हणून घेतात. आलेखाचे टोक जेथे येते ते तापमान घेऊ नये, कारण ते नमुन्याच्या वजनाप्रमाणे आणि तापवण्याच्या वेगाप्रमाणे सरकते. फरक एखाद्या अंशाचा असेल, तर काळजीचे कारण नाही. पाच-दहा अंशांचा असेल, तर मात्र विघटन, ओलावा किंवा बहुरूपता (प्रश्न १३ पाहा) यांचा शोध घ्यावा.

आमच्या मते सुरक्षा मूल्यमापनासाठी शक्य असल्यास दोन्ही करावीत. डीएससी वितळण्याबरोबरच पुढील उष्मादायी विघटनही दाखवते, पण नमुना पिवळा पडला, फेसाळला की धुरावला हे डोळ्यांशिवाय कळत नाही.

९. आमची प्रयोगशाळा डोंगरावर आहे. हवेचा दाब कमी असल्याने द्रवणांक बदलेल का?

व्यवहारात बदलणार नाही. उत्कलनांक दाबाबरोबर चांगलाच बदलतो, कारण द्रवाचे बाष्प होताना आकारमान शेकडो पटींनी वाढते. वितळताना आकारमानातील बदल फार थोडा असतो. बर्फाचा द्रवणांक एका वातावरणाच्या दाबफरकामागे एका अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी बदलतो. महाबळेश्वरला मोजला काय किंवा मुंबईला, दाबासाठी दुरुस्ती करण्याची गरज नाही.

१०. आमचा पदार्थ पूर्ण शुद्ध नाही. नोंदणीसाठी शुद्ध करून मोजावा, की बाजारात जातो तसाच?

ज्या स्वरूपात पदार्थ नोंदला जातो आणि हाताळला जातो, त्याच स्वरूपातील नमुना घ्यावा आणि त्याची शुद्धता अहवालात लिहावी. प्रयोगशाळेत दोनदा पुनःस्फटिकीकरण करून मिळवलेला देखणा आकडा गोदामातील पिंपाबद्दल काही सांगत नाही.

अशुद्धीमुळे द्रवणांक साधारणपणे उतरतो आणि वितळण्याचा पल्ला रुंदावतो. नॅफ्थॅलिनमध्ये दर शंभर रेणूंमागे विरघळणाऱ्या अशुद्धीचा एक रेणू असेल, तर गोठणबिंदू सुमारे अर्ध्या अंशाने खाली येतो. म्हणूनच नॅफ्थॅलिनच्या व्यापारात मालाची प्रत त्याच्या स्फटिकीभवनाच्या तापमानावरून सांगितली जाते.

ओलाव्याचा परिणाम यापेक्षाही मोठा असू शकतो. फिनॉलचा द्रवणांक सुमारे ४१ °से. आहे, पण त्यात १० टक्क्यांच्या आसपास पाणी मिसळले, की ते सामान्य तापमानाला द्रवरूपच राहते. फिनॉल त्वचेतून झपाट्याने शोषले जाते आणि जिवावर बेतू शकते, त्यामुळे अंगावर स्फटिक पडतात की द्रव ओघळतो, हा फरक येथे फार महत्त्वाचा आहे. वाहतुकीच्या संयुक्त राष्ट्रांच्या यादीतही घन फिनॉल १६७१, वितळलेले फिनॉल २३१२ आणि फिनॉलची द्रावणे २८२१ अशा वेगळ्या क्रमांकांनी येतात.

दोन घन पदार्थ एकत्र आल्यावर काय होते, याचे घरगुती उदाहरण अनेकांनी पाहिलेले असते. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर एका बाटलीत एकत्र ठेवले, की काही वेळात त्यांचे पाणी होते. अमृतधारा म्हणून ओळखले जाणारे औषध ते हेच. मेन्थॉल सुमारे ४२, थायमॉल सुमारे ५० आणि कापूर १७५ °से.च्या पुढे वितळतो, तरीही तिघांचे मिश्रण खोलीच्या तापमानाला द्रव असते. म्हणून मिश्रणाच्या माहितीपत्रकात घटकांचे द्रवणांक लिहून भागत नाही. मिश्रणाचा स्वतंत्रपणे मोजावा लागतो.

११. पदार्थ स्फोटक किंवा स्वयंविघटनशील असण्याची शंका आहे. सुरुवात कशी करावी?

सुरुवात कागदावर करावी. रेणूत नायट्रो, ॲझाइड, डायझो, पेरॉक्साइड यांसारखे गट आहेत का, हे पाहावे. असतील, तर खल, केशनलिका आणि उघडी ज्योत यांपासून नमुना दूर ठेवावा. पहिली चाचणी डीएससीची करावी, काही मिलिग्रॅमच्याच नमुन्याची आणि दाब सहन करणाऱ्या बंद कुपीत. साध्या ॲल्युमिनियमच्या भोक पाडलेल्या कुपीत विघटनाचे वायू निसटून जातात आणि त्यांच्याबरोबर उष्णताही, त्यामुळे धोका प्रत्यक्षाहून कमी दिसतो.

संयुक्त राष्ट्रांच्या चाचणी पुस्तिकेतील चाळणीनुसार, सेंद्रिय पदार्थाची उष्मादायी विघटनाची ऊर्जा प्रतिग्रॅम ५०० जूलपेक्षा कमी असेल आणि विघटन ५०० °से.च्या खाली सुरू होत असेल, तर स्फोटकतेच्या पुढील चाचण्या टाळता येतात. स्वयंविघटनशील पदार्थांसाठी ही सीमा प्रतिग्रॅम ३०० जूल आहे, आणि तिच्याबरोबर ५० किलोच्या वेष्टनाचे स्वयंवेगी विघटनाचे तापमान (ज्याला पदार्थाचे विघटन आपोआप वेग घेऊ लागते ते) ७५ °से.पेक्षा जास्त आहे का, हाही निकष आहे.

येथे द्रवणांकाची भूमिका वेगळीच असते. टीएनटी सुमारे ८० अंशांना वितळते आणि त्याचे विघटन त्याहून फार वर सुरू होते, म्हणूनच ते वितळवून साच्यात ओतता येते. याउलट काही पदार्थ घन असेपर्यंत शांत असतात आणि वितळताच वेगाने विघटन पावू लागतात, कारण स्फटिकात जखडलेले रेणू द्रवात मोकळे होतात. डीएससीच्या आलेखावर उष्णता शोषणाचा खड्डा आणि त्याला लागूनच उष्मादायी शिखर दिसले, तर द्रवणांक हा त्या पदार्थासाठी हाताळणीच्या तापमानाची वरची मर्यादा समजावी, आणि प्रत्यक्ष मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवावी.

१२. पदार्थ वितळण्याआधीच काळा पडतो, किंवा वितळण्याऐवजी नाहीसाच होतो. रकान्यात काय लिहावे?

काळा पडत असेल, तर विघटनाचे तापमान लिहावे आणि पदार्थ वितळण्याआधी किंवा वितळताना विघटित होतो, असे शब्दांत नोंदवावे. असा आकडा तापवण्याच्या वेगावर अवलंबून असतो. साखरेचेच पाहा: तिच्या द्रवणांकासाठी वेगवेगळ्या ठिकाणी १६० पासून १८६ °से.पर्यंतचे आकडे सापडतात, कारण हळू तापवली तर वितळण्याआधीच तिचे कॅरमल होऊ लागते. म्हणून वेग लिहिल्याशिवाय विघटनाचा आकडा देऊ नये. वजन घटते आहे का, हे पाहण्यासाठी उष्मीय वजनमापनाची जोड द्यावी. उष्णता शोषली गेली म्हणजे पदार्थ वितळलाच असे नाही, तो केवळ स्फटिकातील पाणी सोडत असेल. ऑक्झॅलिक आम्लाचे दोन पाण्याचे रेणू असलेले रूप १०१ ते १०२ °से.ला वितळते आणि निर्जल रूप १८९ ते १९० °से.ला, आपण कोणत्या रूपाबद्दल बोलतो आहोत, हे लिहिले नाही तर दोन अहवाल एकमेकांशी भांडत राहतात.

नाहीसा होत असेल, तर ते संप्लवन, म्हणजे घनाचे थेट बाष्प होणे, आहे. कापूर, आयोडीन आणि नॅफ्थॅलिन यांच्या बाबतीत केशनलिकेचे वरचे टोकही वितळवून बंद करावे, आणि पदार्थाचा थर तसेच वरची मोकळी जागा दोन्ही तापत्या भागात राहतील असे पाहावे, नाहीतर पदार्थ वर थंड काचेवर जाऊन बसतो. संप्लवन दिसले ही बाब वेगळी नोंदवावी, कारण घन असूनही त्या पदार्थाचे बाष्प कामगारांच्या श्वासात जाऊ शकते.

१३. त्याच नमुन्याचा द्रवणांक दुसऱ्यांदा मोजला तर बारा अंशांनी कमी आला. उपकरण बिघडले का?

प्रश्न ७ प्रमाणे तपासून पाहावे, पण उपकरण निर्दोष असण्याचीच शक्यता अधिक. एकच पदार्थ एकाहून अधिक प्रकारच्या स्फटिकांत जमू शकतो. याला बहुरूपता म्हणतात. पॅरासिटामॉलचे नेहमीचे पहिले रूप सुमारे १६९ °से.ला वितळते आणि दुसरे रूप सुमारे १५७ °से.ला. वितळलेला पदार्थ थंड होताना कमी स्थिर रूपात गोठला, तर पुढचे मापन त्या रूपाचे होते. त्यातून अंशतः विघटन झाले असेल, तर आकडा आणखी उतरतो. दर मापनासाठी नवी नलिका आणि नवा नमुना घ्यावा आणि कारखान्यात बनणारे रूप कोणते, हे क्ष-किरण विवर्तनाने ठरवून घ्यावे.

१४. पदार्थ द्रव आहे. त्याचा द्रवणांक द्यायलाच हवा का?

द्रवासाठी गोठणबिंदू द्यावा. रीचच्या नोंदणीत −२० °से.च्या खाली जाऊन मोजण्याची अपेक्षा केलेली नाही. तेथपर्यंत थंड करून पदार्थ गोठला नाही, असे दाखवणे पुरेसे होते.

गोठणबिंदू मोजताना अतिशीतनापासून सावध राहावे. अनेक द्रव गोठणबिंदूच्या पुष्कळ खाली जाऊनही द्रवच राहतात आणि मग एकाएकी गोठतात. द्रव सतत ढवळत, ठरावीक अंतराने तापमान नोंदत राहावे. गोठणे सुरू झाले, की तापमान थोडे वर चढून काही काळ स्थिर राहते. त्या स्थिर पट्ट्याचे तापमान हा गोठणबिंदू, अतिशीतनातील सर्वांत खालचे तापमान नव्हे. हट्टी द्रवात त्याच पदार्थाचा एखादा स्फटिक बीज म्हणून टाकल्याने काम सोपे होते.

१५. गोठणे तर सुरक्षिततेच्या दृष्टीने चांगलेच, सांडणार नाही. मग गोठणबिंदूची एवढी काळजी का?

ॲक्रिलिक आम्लाचे उदाहरण घेतल्यास ही काळजी समजेल. हे द्रव सुमारे १३ °से.ला गोठते. पुणे आणि नाशिक येथे हिवाळ्यातील रात्री तापमान याच्या खाली जाणे नेहमीचे आहे. म्हणजे उघड्या शेडमध्ये ठेवलेले पिंप सकाळपर्यंत अंशतः गोठू शकते. या आम्लाचे रेणू आपापसांत जोडले जाऊन बहुवारिक बनण्याची प्रक्रिया प्रचंड उष्णता देते, आणि ती होऊ नये म्हणून त्यात अल्प प्रमाणात रोधक मिसळलेला असतो. तो रोधक काम करण्यासाठी द्रवात विरघळलेला ऑक्सिजनही लागतो.

गोठताना जे स्फटिक तयार होतात, ते जवळजवळ शुद्ध आम्लाचे असतात. रोधक आणि ऑक्सिजन उरलेल्या द्रवात ढकलले जातात. मग कोणी घाईने वरचा द्रव काढून घेतला, तर बहुतेक रोधक त्याच्याबरोबर निघून जातो. खाली उरलेल्या स्फटिकांना वाफेच्या नळीने किंवा हीटरच्या पट्ट्याने वितळवायला गेले, की रोधक नसलेले आम्ल एका जागी तापते, प्रक्रिया आटोक्याबाहेर जाते आणि पिंप फुटते. म्हणून असे पिंप कोमट खोलीत सावकाश वितळू द्यावे, थेट वाफ किंवा विजेची उष्णता देऊ नये, पूर्ण वितळल्यावर ढवळून रोधक आणि हवा सर्वत्र सारखी होऊ द्यावी आणि अर्धवट वितळलेल्या पिंपातून काहीही काढू नये.

माहितीपत्रकाच्या नवव्या भागातील हा १३ चा आकडा सातव्या भागातील साठवणुकीच्या सूचनांत उतरला नाही, तर मोजण्याची सारी मेहनत कामगारापर्यंत पोहोचतच नाही. आमच्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या माहितीपत्रकांत ही उणीव वारंवार आढळते आणि दर वेळी ती पाहून वाईट वाटते.

१६. राळ, मेण किंवा बहुवारिक यांचा द्रवणांक कसा द्यावा?

यांना बहुधा एक नेमका द्रवणांक नसतो. मृदू होण्याचा पल्ला, काचसदृश अवस्थेतून बाहेर येण्याचे तापमान किंवा ओघळबिंदू द्यावा आणि मोजण्याची पद्धत लिहावी. दाट, चिकट पदार्थ घन की द्रव, हे द्रवणांकाने ठरत नसेल, तर त्यासाठी वाहण्याची किंवा सुई रुतण्याची स्वतंत्र चाचणी आहे.

१७. द्रवणांकाच्या आकड्यावरून दुसऱ्या काही चाचण्या टाळता येतात का?

येतात, आणि खर्चाच्या दृष्टीने ही माहिती उपयोगाची आहे. रीचनुसार, घन पदार्थ ३०० °से.च्या वर वितळत असेल किंवा उकळण्याआधी विघटित होत असेल, तर उत्कलनांक मोजण्याची गरज नसते. द्रवणांक ३०० °से.च्या वर असेल, तर बाष्पदाबही मोजावा लागत नाही, आणि तो २०० ते ३०० च्या दरम्यान असेल, तर बाष्पदाबाचे मर्यादामूल्य पुरते. अशी सूट घ्यायची असेल, तर तिला आधार देणारे द्रवणांकाचे मापन चोख असले पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

१८. प्रत्यक्ष मोजण्याऐवजी संगणकीय अंदाज किंवा हस्तपुस्तिकेतील आकडा देता येईल का?

नावाजलेल्या हस्तपुस्तिकांतील, एकमेकींशी जुळणारे आकडे सुपरिचित पदार्थांसाठी स्वीकारले जातात; मात्र तुमच्या मालाची शुद्धता आणि स्फटिकरूप त्या आकड्याला लागू पडते, हे दाखवावे लागते. संगणकीय अंदाजावर मात्र आम्ही विसंबत नाही. द्रवणांक रेणूच्या रचनेपेक्षा स्फटिकातील मांडणीवर अधिक अवलंबून असतो आणि ती मांडणी ओळखणे कठीण असते. डायक्लोरोबेन्झीनचे तीन समघटक (अणू तेच, पण मांडणी वेगळी असलेले प्रकार) घ्या. त्यांचे उत्कलनांक १७३ ते १८० °से.च्या दरम्यान आहेत, म्हणजे जवळजवळ सारखे. द्रवणांक मात्र ऑर्थोचा −१७, मेटाचा −२५ आणि पॅराचा +५३ °से.च्या आसपास आहे. पहिले दोन द्रव आणि तिसरा, अधिक सममित रेणू असल्याने स्फटिकात नीट बसणारा, घन. अंदाज तीस-चाळीस अंशांनी चुकणे अशा वेळी नवलाचे नसते, आणि २० °से.च्या सीमारेषेजवळ तेवढी चूक वर्गीकरणच बदलून टाकते.

१९. ही चाचणी जीएलपी प्रयोगशाळेतच करावी लागते का?

रीचमध्ये उत्तम प्रयोगशाळा कार्यपद्धतीची, म्हणजे जीएलपीची, सक्ती विषशास्त्रीय आणि पर्यावरणीय विषशास्त्रीय चाचण्यांना आहे. द्रवणांकासारख्या भौतिक-रासायनिक चाचण्यांना नाही. तरीही अनेक ग्राहक ती मागतात. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर स्वीकृतीच्या व्यवस्थेचा पूर्ण सहभागी असल्याने, येथील जीएलपी प्रमाणित प्रयोगशाळेचा अहवाल सहभागी देशांत ग्राह्य धरला जातो आणि चाचणी परत करावी लागत नाही.

२०. आमचा पदार्थ २५ अंशांना वितळतो. व्याख्येनुसार तो घन आहे, मग ज्वलनांक मोजण्याची गरज नाही ना?

गरज आहे. टर्शरी ब्युटानॉलचा द्रवणांक सुमारे २५.५ °से. आहे; २० अंशांच्या व्याख्येनुसार तो घन ठरतो. पण त्याचा ज्वलनांक सुमारे ११ °से. आहे, म्हणजे घन अवस्थेत असतानाही पेट घेण्याइतके बाष्प तो देऊ शकतो. युरोपीय संघाच्या सुसंगत वर्गीकरणात त्याला ज्वालाग्राही द्रवाच्या दुसऱ्या श्रेणीत ठेवले आहे आणि वाहतुकीतही तो इतर ब्युटानॉलांबरोबर ज्वालाग्राही द्रवांच्या तिसऱ्या वर्गात, ११२० या क्रमांकाखाली जातो. विदर्भातील उन्हाळ्यात किंवा बंद कंटेनरमध्ये असा पदार्थ बहुतेक वेळ द्रवच असतो, आणि थंडीत गोठलेले पिंप वितळवण्यासाठी कामगार त्याला उष्णता देतात तेव्हा तर तो हमखास द्रव असतो. ज्या पदार्थाचा द्रवणांक २० ते ४५ °से.च्या पट्ट्यात येतो, त्याच्या दोन्ही अवस्थांचे धोके तपासावेत आणि माहितीपत्रकात दोन्हींसाठी सूचना द्याव्यात, असा आमचा आग्रह असतो.